काकीच्या नावापुढचा अंगठा

बाबा, ग्रामसभेची जुनी रजिस्टरं अजून आहेत. पंचायतीच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात, तू बांधलेल्या त्याच सुतळीत. तू शिपाई होतास तेव्हा त्या कपाटाची चावी तुझ्या कमरेला असायची आणि मला तू तिला हातही लावू द्यायचा नाहीस. आता ग्रामसेवक नवा आहे. त्याने "मॅडम, पाहिजे तेवढे फोटो काढा" म्हणत चावीच माझ्या हातात दिली. मॅडम म्हणजे मी. जव्हारच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, म्हणजे जितके तास घेईन तितकीच मी प्राध्यापक, सुट्टीत कोणी नाही. तुला जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा हे तुला ठाऊक असायचं कारण नाही.

कायमचं प्राध्यापक व्हायचं तर पीएच.डी. लागते. एकच प्रश्न घेऊन चार-पाच वर्षं त्याच्या मागे लागायचं, असं ते काम असतं. मी तीन ठिकाणी अर्ज केले. आपल्याकडचे लोक ग्रामसभेत किती आणि कसा भाग घेतात, हा माझा प्रश्न. पुरावा म्हणून तुझी रजिस्टरं. अर्जासोबत दोन पानं स्वतःबद्दल लिहायची असतात, हे शिक्षण का हवंय ते सांगायचं असतं. तिथे मी तुला उभं केलं. 'लोकशाही मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या शिपाई वडिलांच्या काखेतल्या वहीत,' असं लिहिलं. वाक्य झकास जमलं म्हणून स्वतःवरच खूश होते. नमुना म्हणून रजिस्टरच्या तीन पानांचे फोटो जोडले. अक्षर चांगलं असलेली पानं निवडली, बाकी काही नीट पाहिलं नाही. एका ठिकाणाहून उत्तरच आलं नाही. दिल्लीने आणि मुंबईने मुलाखतीला बोलावलं.

दिल्लीची मुलाखत ऑनलाइन होती. आपल्या पाड्यावर नेटवर्क नाही, म्हणून कॉलेजच्या संगणक खोलीत बसले. दिल्लीचे सर भारी आनंदात होते. त्यांनी माझ्याच फोटोंपैकी एक पान पडद्यावर घेतलं आणि मोठं करत गेले. भर आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका ओहोळावरच्या साकवासाठी, एवढ्याशा पुलासाठी एवढी माणसं सभेला आली, हे पाहा, असं ते दुसऱ्या परीक्षकांना सांगत होते. एकेक अंगठा पडद्यावर ताटाएवढा झाला. आणि मला दिसलं, बाबा. त्यातले काही अंगठे लहान होते. त्या लहान अंगठ्यांवरून एक तिरपी पांढरी रेघ गेलेली होती, चार-पाच नावांपुढे तीच रेघ. गवत कापताना विळा लागला होता, ती खूण. मी टेबलाखाली माझा उजवा अंगठा मुठीत दाबून धरला. सरांनी विचारलं, "या पानाबद्दल काही सांगाल?" मी म्हटलं, "आमचे लोक जागरूक आहेत, सर."

त्या दिवशी मी आठ वर्षांची आहे. आवणीसाठी शाळा सुटलेली आहे. तू पुढे, मी मागे, डोक्यावर माझ्यापेक्षा मोठं इरलं. तू बांधाबांधावर उभा राहून ओरडून विचारतोस, "ओहोळावर साकव टाकतात, चालंल का?" चिखलात वाकलेली माणसं मान वर न करता सांगतात, "चालंल तं, टाका." कोणी म्हणतं, "आमाला सभेला नको बोलवू, भात कोन लावंल?" काकीच्या खाचराशी आपण शेवटी गेलो. त्याचं पुढे सांगते. दुपारी घरी आलो तर ग्रामसेवक नावं लिहून वही ठेवून गेलेला. ठराव संध्याकाळपर्यंत मोखाड्याला, तालुक्याच्या कचेरीत पोचला नाही तर साकव दुसऱ्या गावाला जाणार होता. तू ओट्यावर शाईचा पॅड उघडलास. आधी तुझे दोन्ही अंगठे, मग तुझी बोटं. मग तू माझा हात धरलास. "आखे हो बोललेत. अंगठे तेवढे राहले," असं म्हणालास, मला की स्वतःला ते कळलं नाही. मला तो खेळ वाटला होता.

साकव झाला. दहावीपर्यंत मी त्यावरूनच शाळेत गेले. पाऊस लागला की पलीकडच्या पाड्यातल्या पोरी घरी बसायच्या, मी बसले नाही. आज जव्हारला उभी राहून पोरांना ग्रामसभेचे अधिकार शिकवते ते त्या साकवामुळेच. हे सगळं मान्य करूनही मला तुझा राग आला, बाबा, फार आला. कारण आठवड्याभरात दिल्लीचं पत्र आलं. जागा पक्की, फेलोशिप, वसतिगृह, सर स्वतः मार्गदर्शक. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होय की नाही कळवायचं. गेले तर त्या अंगठ्यांचे तक्ते करून 'सहभाग' म्हणून मांडायचे. खरं सांगितलं तर तुझं नाव दिल्लीपर्यंत खोटारडा म्हणून पोचवायचं. तुझ्या शाईने मला नेमकं कोंडीत पकडलं होतं.

मुंबईनेही घेतलं होतं, पण फेलोशिप नाही, राहायची सोय नाही, नोकरी सांभाळून करा म्हणाले. तिथल्या मॅडमनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. "कोण आलं नाही आणि कोण नको म्हणालं, हे तुमच्या वहीतून कसं कळणार?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना.

म्हणून बुधवारी काकीकडे गेले. ती अंगणात नागली पाखडत बसली होती. आता तिला कमी दिसतं, पण आवाजावरून ओळखलं.

"काकी, साकवाच्या टायमाला बाबा तुला विचारायला आलेला का?"

"आलेला तं. बांधावर उभा राहला. तू पन होतीस ना, इरल्यात आखी झाकलेली."

"मग तू काय बोलली?"

"नाय बोलली. माझ्या खाचराचा कोपरा जात होता त्याच्यात. तुझा बाबा बोलला, बरं, तुझं नाय तं नाय." तिने सुपाला दोन झटके दिले. "मग साकव झालाच. मी बोलली, आखे हो बोलले असतील, मी एकटी काय करनार?"

तिने मला कोरा चहा दिला. मी उजवा हात पदराखाली ठेवून डाव्या हाताने प्यायले. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. त्यात तिचं नाव होतं, आणि नावापुढे तिरप्या रेघेचा अंगठा होता. मी तिला तो दाखवला नाही.

शुक्रवारी जव्हारला गेले. तीन तास घेतले, डेपोसमोर वडापाव खाल्ला, साडेचारला संगणकासमोर बसले. पाच वाजायला दहा मिनिटं असताना दिल्लीला 'नाही' असं कळवलं. अशी जागा मला पुन्हा कोणी देणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. सरांनी कारण विचारलं आहे, अजून दिलेलं नाही. मुंबईला होय कळवलं. मॅडम म्हणाल्या, माझ्या त्या प्रश्नापासूनच नवा आराखडा लिहा. मी लिहिला. त्यात एक वाक्य असं आहे, 'संशोधिकेच्या गावातील एका ठरावात, विरोध करणाऱ्या महिलेच्या नावापुढेही शिपायाने अंगठा उमटवला होता.' मॅडमनी त्याच्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, धाडसी आहे.

आता काकीच्या खाचराचं. त्या दुपारी ओट्यावर, वहीतल्या तिच्या नावापाशी येऊन तू थांबलास. ज्याची जमीन जाते त्याचा अंगठा हवाच, नाहीतर ठराव परत येतो, हे ग्रामसेवकाने तुला बजावलं होतं. तरी तू माझा हात सोडलास. म्हणालास, "हिचं राहू दे. ती नाय बोललीय." आणि पाणी प्यायला आत गेलास. पॅड उघडाच होता. मला वाचता येत होतं, तिसरीत होते मी, काकीचं नाव मला ओळखू येत होतं. त्याआधीच्या आठवड्यात ओहोळ ओलांडताना तुझा पाय सरकला होता आणि आपण दोघं पाण्यात गेलो होतो. मला तो साकव हवा होता. मी अंगठा शाईत बुडवला आणि तिच्या नावापुढे लावला. तू बाहेर आलास, वहीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. मारशील असं वाटलं. तू चुलीतली राख आणलीस आणि माझा अंगठा घासत बसलास, शाई निघाली तरी घासत राहिलास. मग वही काखेत मारून मोखाड्याला निघालास. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही.

आराखड्याची शुद्ध प्रत सोमवारी द्यायची आहे. 'शिपायाने' हा शब्द खोडून तिथे काय लिहायचं ते मला माहीत आहे. फाइल सकाळपासून समोर उघडी आहे, आणि बाबा, तो शब्द मी अजून खोडलेला नाही.