मुक्काम : सात दिवस

राहोवेत्स,
१२ एप्रिल २०२४

प्रिय इल्मी,

तुला, वाल्देतेला आणि दोन्ही मुलांना बायरामच्या उशिराच्या शुभेच्छा आणि घरच्या सगळ्यांचे सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्हीही असाल. द्राक्षांची छाटणी मार्चमध्येच उरकली. शेजारच्या हमझाकाकांचा गुडघा धरलाय, पण जीभ अजून धावते. रोजे सुटले, बायरामला आईने फ्लिया केली होती. चार तास अंगणात निखाऱ्यांपुढे बसून पिठाचा एकेक थर ओतत होती. मी म्हटलं, "अगं, दोघींना पुरे आता." तर म्हणाली, "कुणी आलं तर?" कुणी ना कुणी आलंच. तुला आपलं घर माहीत आहे.

हे पत्र आई तुला स्वतःच्या हाताने देईल. फोनवर बोलता आलं असतं, पण फोन आई स्पीकरवर ठेवते आणि निम्मी गल्ली ऐकते. शिवाय काही गोष्टी मला बोलता येत नाहीत, लिहिता येतात. सोळा वर्षं लिहिण्यावरच पोट भरलं, त्याचा परिणाम असेल.

माझं दुकान तर बसलंच म्हण. एक जानेवारीला आपल्या लोकांना जर्मनीला जायला लागणारा व्हिसा उठला आणि 'अर्ज, भाषांतर, फोटो' ही माझी पाटी एका दिवसात म्हातारी झाली. या गावातला एकही माणूस असा नसेल ज्याचा अर्ज मी भरला नाही. कुणाचं शेत कुणाच्या नावावर, कुणाला भावाने बोलावलं, कुणाला सख्ख्या मुलाने टाळलं, सगळं माझ्या टेबलावरून गेलंय. नकाराचे कागद घेऊन लोक माझ्याकडेच यायचे, जणू नकार मी दिला होता. आता तेच लोक रस्त्यात थांबवून विचारतात, "लुमनिये, व्हिसाशिवाय राहायचे एकशे ऐंशी दिवसांतले नव्वद म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत गं?" मी फुकटात सांगते. सांगायला आता दुसरं आहे काय?

तर नव्वद दिवसांबद्दलच लिहायचं आहे.

आठ मार्चला तू आईला महिलादिनाच्या शुभेच्छा द्यायला फोन केलास. आवाज केवढा चढला होता तुझा! "आई, आता कागद नाही, वकिलात नाही, रांग नाही! विमानात बस की संध्याकाळी माझ्या दारात! चांगली नव्वद दिवस राहा!" आईने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने फोन पुसला, फोन रडत असल्यासारखा. मागून वाल्देते म्हणत होती, "बालवाडीत ऑगस्टपर्यंत जागा नाही, तेही सांग ना." ते आईने ऐकलं नाही. मी ऐकलं. तिची नोकरी पुन्हा सुरू होतेय, धाकटी अकरा महिन्यांची आहे, सांभाळायला बाई ठेवणं परवडत नाही, हे सगळं मला कळतं. नातवंडांना आजीने सांभाळायचं नाही तर कुणी? त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे, नव्हती.

मग मी तुझ्याकडे निमंत्रणपत्र मागितलं. तू हसलास. "अगं, तुझं दुकान बंद झालं तरी खोड जात नाही. आता कशाला पत्र?" अरे, व्हिसा गेला, नियम गेले नाहीत. विमानतळावरचा पोलीस आजही विचारू शकतो, कुणाकडे चाललात, किती दिवस, परतीचं तिकीट कुठाय. आई त्याला काय सांगेल? "मुलाकडे," एवढंच. त्यापुढे तिच्याकडे उत्तर नाही, आणि का असावं?

तू पत्र पाठवलंस. पंधरा एप्रिल ते पंधरा जुलै. इल्मी, हे ब्याण्णव दिवस होतात. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. पोचण्याचा दिवस धरतात, निघण्याचाही धरतात. तुझ्या भरवशावर राहिली असती तर सत्तरीत आपली आई बेकायदा ठरली असती, आणि पुढच्या खेपेला दारातूनच परत. मी फोन करून सांगितलं तेव्हा म्हणालास, "अगं, दोन दिवस इकडे-तिकडे, कोण मोजतंय?"

कोण मोजतंय! त्या दिवशी मी फोन ठेवला आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं. कारण एकदा तू फार नीट मोजले होतेस.

बाबांसाठी लिहिलेलं हमीपत्र आठवतं तुला? मे २०१८. तुझा थोरला, नोआर, व्हायचा होता. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, फोटोसाठी मिशी कातरली. 'माझ्या मुलाचं जर्मनीतलं घर बघायला चाललोय,' हे त्यांनी चहाच्या दुकानात इतक्या वेळा सांगितलं की हमझाकाका म्हणाले, "हलित, तू परत येशील तेव्हाच आमचे कान सुटणार." तुझं पत्र आलं आणि मी ते आधी एकटीने वाचलं. 'माझे वडील माझ्याकडे सात दिवस राहतील. सात दिवसांनंतर ते परत जातील, याची मी हमी घेतो.'

मी तुला लगेच फोन केला होता. तुला आठवत नसेल, मला शब्द न् शब्द आठवतो.

"इल्मी, नव्वदपर्यंत लिहिता येतात. निदान तीस लिही."

"लुमे, घर दोन खोल्यांचं आहे गं. वाल्देतेला सिगारेटच्या वासाने उलट्या होतात. ते गॅलरीत उभे राहून मोठमोठ्याने बोलणार, खालचे शेजारी तक्रार करणार. आम्ही दोघं कामावर. ते दिवसभर करणार काय? सात पुरेत. पुढचं पुढे बघू."

तुझी अडचण खरी होती, नाही म्हणत नाही. पण आपल्या घरी आलेल्या माणसाला 'किती दिवस राहणार' असं कधी कुणी विचारलेलं तुला आठवतं? द्रागाशचा तो ट्रकवाला, गाडी बिघडली म्हणून दारात आला आणि अकरा दिवस राहिला. बाबांनी त्याचं नावसुद्धा तिसऱ्या दिवशी विचारलं. आपण दोघं स्वयंपाकघरात झोपलो होतो तेव्हा. तू सहा वर्षांचा होतास आणि कुरकुरत होतास. बाबा म्हणाले होते, "घर देवाचं आणि पाहुण्याचं. आपण नुसते राखणदार."

आता माझं ऐक. हे मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

पत्र जर्मनमध्ये होतं. बाबांना ते कळणं शक्यच नव्हतं. सकाळी ते दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, "वाच, माझ्या मुलाने काय लिहिलंय बघू." मी काहीही वाचू शकले असते. 'बाबा, तुम्हाला हवे तितके दिवस राहा,' असं वाचलं असतं तर त्यांनी ते खिशात घालून गावभर मिरवलं असतं. तोंडातून एक आकडा बदलायचा होता, दुसरं काही नाही. या टेबलावर बसून मी लोकांसाठी कितीतरी गोष्टी सौम्य करून वाचल्या आहेत. त्या दिवशी नाही. कारण मला राग आला होता. तुझा तर होताच, पण बाबांचाही. शेत मी बघायची, औषधं मी आणायची, आईला दवाखान्यात मी न्यायची, आणि उठता-बसता 'माझा मुलगा, माझा मुलगा'. म्हटलं, ऐका आता तुमच्या मुलाचं. आणि मी अक्षर न् अक्षर खरं वाचलं. 'हमी घेतो' हे तर दोनदा वाचलं.

बाबांनी खिसा चाचपला. सिगारेट काढली, पण पेटवली नाही. मग म्हणाले, "हे त्या लोकांनी लिहायला लावलं असेल."

"तारीख लिहावी लागते," मी म्हटलं. "आकडा ज्याचा त्याने लिहायचा असतो."

एवढंही मी गिळलं नाही, इल्मी. एवढंही नाही.

तरी ते मुलाखतीला गेले. प्रिश्तिनाच्या वकिलातीत, बसने, कोट घालून. खिडकीतल्या बाईने सगळे कागद पाहिले, नम्रपणे बोलली, बोटांचे ठसे घेतले. दोन आठवड्यांनी पासपोर्ट आला. मी पाकीट फोडलं आणि आनंदाने ओरडलेच. व्हिसा मिळाला होता. हो, मिळाला होता. त्यांच्या कातरलेल्या मिशीचा फोटो, आणि खाली मुक्काम : सात दिवस.

बाबांनी चष्मा लावून ते पान पाहिलं. सातचा आकडा कुठल्याही भाषेत सातच असतो. पासपोर्ट मिटून त्यांनी खिशात घातला.

"त्याला सांग, नाही म्हणाले."

"बाबा, असं काय करता? सात तर सात, जाऊन या."

"नाही म्हणाले, असं सांग. सगळ्यांना नाही म्हणतात, मलाही म्हणाले. त्यात कुणाची मान खाली जात नाही. सात दिवसांनी परत आलो तर गाव विचारेल, हलित, एवढ्यात? मी काय सांगू? मुलाने हमी दिली होती म्हणून?"

चहाच्या दुकानात त्यांनी स्वतःच जाहीर केलं. हमझाकाका म्हणाले, "मिशी कातरायला नको होती. ओळखलंच नसेल त्यांनी!" सगळे हसले, बाबाही हसले. कुणाला शंका आली नाही. ज्याच्या घरी नकाराचा कागद नाही असं घर तेव्हा गावात होतं कुठे? त्या नोव्हेंबरात ते गेले.

तू मातीला आलास. पुरुषांच्या बैठकीत तीन दिवस लोक येऊन बसत होते आणि तू प्रत्येकाला सांगत होतास, "वकिलातीने माझ्या बापाला माझं घर बघू दिलं नाही! देव त्यांना बघून घेईल!" म्हातारे माना हलवत होते. बायकांच्या खोलीत भिंतीपलीकडे मी ऐकत बसले होते. उठून यावंसं वाटलं. उठले नाही. बाबांनी स्वतः घातलेलं झाकण मी कशी उघडणार होते? आणि उघडलं असतं तर तू विचारलं असतंस, 'पण त्यांना सात दिवस कळले कसे?' मग माझंही उघडं पडलं असतं. म्हणून त्या बिचाऱ्या वकिलातीला सगळ्या गावाच्या शिव्या खाऊ दिल्या. जिने एकदाच आपलं काम सरळ केलं होतं.

मी अजूनही लिहिणार नव्हते. पण मंगळवारी आई तुझ्यासाठी सामान भरत होती. भाजलेल्या लाल मिरच्यांच्या आयवारच्या सहा बरण्या, लोणचं, नोआरसाठी विणलेले मोजे. स्वतःचा पासपोर्ट शोधायला तिने कपाटाचा वरचा खण काढला आणि बाबांच्या थंडीच्या कोटातून त्यांचा पासपोर्ट तिच्या हाती लागला. तिने तो उघडला.

"लुमे, हे चित्राचं पान कसलं गं?"

माझ्याकडे खोटं तयार नव्हतं. सांगितलं. तुझं पत्र, माझं वाचणं, त्यांचं 'नाही म्हणाले'. आई पलंगावर बसली. रडेल असं वाटलं, पण ती मोज्यांच्या जोड्या लावत राहिली. मग म्हणाली, "रोज पाच वेळा त्या लोकांना शाप दिले मी. नमाजानंतर." शेवटची जोडी लावून तिने विचारलं, "आणि मला किती लिहिलेत त्याने?"

"नव्वद. म्हणजे, ब्याण्णव."

"तुझे बाबा सातांचे होते. मग मी नव्वदांची कशी झाले?"

मी तुझी बाजू घेतली, खरंच घेतली. म्हटलं, तेव्हा घर लहान होतं, आता मोठं आहे, मुलं लहान आहेत, त्यांना गरज आहे. ती म्हणाली, "गरज आहे, तेच तर." आणि मोजे पिशवीत घालून वर बरण्या रचल्या. "नातवंडांना बघायचंय मला. जाणार. तू तिकीट बदलून आण."

इल्मी, मी तुझी बहीण आहे, वैरी नाही. तुझ्यावर रागावले तेवढीच स्वतःवर रागावले आहे, आणि हा राग घेऊन मला अजून बरीच वर्षं याच घरात राहायचं आहे, त्या कोटाशेजारी. तू निदान दूर आहेस. आईला काही विचारू नकोस. ती तुझ्याशी हसून बोलेल, फ्लिया करेल, धाकटीला मांडीवरून खाली ठेवणार नाही. बालवाडीचं तुमचं तुम्ही बघा. बाबांचा पासपोर्ट तिच्या पिशवीत आहे, हे पत्र त्यातच ठेवते आहे. त्याच पानावर.

ती पंधराला, सोमवारी, पोचते. परतीचं तिकीट एकवीसचं, रविवारचं आहे. मोजून बघ. पोचण्याचा दिवस धरतात, निघण्याचाही धरतात.

माझ्या प्रत्येक भाषांतराखाली असतं तेच : वरील मजकूर मुळाबरहुकूम आहे. काही वगळलेलं नाही, काही सौम्य केलेलं नाही.

तुझी बहीण,
लुमनिये