वाट द्यायची कुणी

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

खर्र... खर्र... खर्र. पहाटे जाग आली ती या आवाजानं. खरा आवाज नव्हे, माझ्या लहानपणचा. गोठलेल्या कालव्यावर मागून कुणीतरी येतंय, स्केटचं पातं बर्फ कापतंय, आणि बर्फ खालून लांबवर हुंकार देतोय. किती वेळ तसाच पडून ऐकत होतो. मग उठून खिडकीशी गेलो. कालवा काळाभोर, त्यात दोन बदकं. नुसतं पाणी. या कालव्यानं माणसाचा भार शेवटचा कधी पेलला, तेही आता वाद घालून ठरवावं लागतं.

उद्या आणि परवा हेरेनफेनच्या बंदिस्त रिंकवर जागतिक ऑलराउंड – स्केटिंगचं जगज्जेतेपद. इम्के उतरणार – माझी नात! दोन दिवस, चार अंतरं. पाचशे मीटर म्हणजे नुसती झेप, आणि शेवटचे पाच हजार म्हणजे फुप्फुसं बाहेर. चारही अंतरांचे गुण एकत्र धरायचे. शाळेत मास्तर म्हणायचे, एकच वृत्त ज्याला जमतं तो कवी नव्हे. तसंच हे. वोप्केला ऐकवलं. वोप्के गावच्या बर्फमंडळाचा अध्यक्ष – बर्फ नाही, मंडळ आहे. म्हणाला, "हे तिथे बोलू नकोस. मागच्या वेळी पुढच्या रांगेतली बाई जागा बदलून गेली."

तीनदा चहा केला. एकही संपवला नाही.

शनिवार, १३ फेब्रुवारी

इम्के पहिली!

पाचशेत जराशी मागे होती, तीन हजारांत सगळ्यांना मागे टाकलं. वळणावर ती अशी कलते की हात बर्फाला पुसून जाईल असं वाटतं, आणि डोकं मात्र स्थिर, पाण्यावरच्या बगळ्यासारखं. शाळेत आम्हाला बगळ्याची एक कविता होती, ती तोंडात आली. वोप्केनं कोपर मारलं. नारिंगी टोप्यांचं रान माजलं होतं, बँड वाजत होता, वाटाण्याच्या सूपचा वास. दुसरी आली सुन्निवा, नॉर्वेची. थोडक्यात मागे.

उद्या दीड हजार मीटरला दोघींची जोडी. झोप येईल असं वाटत नाही. उद्याच्या पावाला लोणी आत्ताच लावून ठेवलं आणि मग वाटलं, वाळेल.

रविवार, १४ फेब्रुवारी

लिहवत नाही.

सोमवार, १५ फेब्रुवारी

लिहितो.

दोघी एकदम सुटतात. एक आतल्या लेनमध्ये, एक बाहेरच्या. दर फेरीला पलीकडच्या सरळ पट्ट्यावर जागा बदलायच्या, म्हणजे अंतर सारखं पडतं. दोघी एकाच वेळी तिथे पोचल्या तर वाट द्यायची ती आतून बाहेर येणारीनं. हा नियम इथे पोरांना दुधाच्या दातांबरोबर येतो.

शेवटची अदलाबदल. इम्के आतून बाहेर निघाली, सुन्निवा बाहेरून आत. जवळजवळ खांद्याला खांदा, सुन्निवा हातभर मागे. इम्केनं क्षणभर पाय आवरायला हवा होता. तिनं आवरला नाही. सरळ गेली, मान खाली घालून, रेघ मारल्यासारखी. सुन्निवा आपटली आणि घसरत कडेच्या गाद्यांत शिरली.

इम्के बाद. सुन्निवाला विश्रांती देऊन पुन्हा एकटीला पळवलं, आणि दुखऱ्या मनगटानिशी पाच हजार मीटरही पळून ती जगज्जेती झाली. गळ्यात पानांचा हार घातला तेव्हा ती हसली नाही. मला तरी दिसलं नाही.

पण मला विसरता येत नाही तो मोठा पडदा. तेच चित्र पुन्हा पुन्हा, हळू करून. आणि मग शिट्ट्या. आपल्याच पोरीवर, आपल्याच लोकांच्या! मागचा एकजण म्हणाला, "मुद्दाम आडवी गेली, दिसतंय की." वोप्के सावकाश वळला. "तुमचे डोळे फार चांगले दिसतात," म्हणाला, "पंच का नाही झालात? पोट आड येतं?"

काल संध्याकाळी इम्के इथे आली. आईबापांच्या दारात कॅमेरे उभे आहेत, माझं घर कुणाला माहीत नाही. जिन्याखाली जुने रंगाचे डबे आहेत, त्यांच्यामागे तिनं स्केट ढकलले.

"पाके," म्हणाली – आमच्याकडे आजोबाला पाके म्हणतात – "मी थोडे दिवस राहते."

"राहा की."

"आणि पाके – कविता नको."

मंगळवार, १६ फेब्रुवारी

प्रशिक्षकाचा फोन. पुढच्या शर्यतीसाठी नावं शुक्रवारी दुपारी बाराला द्यायची आहेत. तिनं हो म्हटलं तर नाव घालतो. नाही म्हटलं तर तिची जागा दुसरीला, आणि मग संघातलं स्थानही गेलंच म्हणायचं. माणूस चांगला आहे, आवाज थकलेला.

इम्के जिन्यावरून हातानं "नाही, नाही" करत होती. मी म्हटलं, ती आंघोळीला गेलीय.

दुपारी पुन्हा फोन. पुन्हा आंघोळ.

संध्याकाळी तो म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडे पाण्याचं बिल कोण भरतं?"

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "सांगून टाक ना त्याला, ती पुन्हा बर्फावर येणार नाही."

"तूच सांग."

"शुक्रवारी सांगेन."

खोलीभर हिंडत होतो. घड्याळाला किल्ली दिली, ती आधीच दिलेली होती.

बुधवार, १७ फेब्रुवारी

सकाळी साखरेचा पाव आणायला गेलो. तिला लहानपणी आवडायचा, मधली साखर बोटानं उकरून खायची. बेकरीत आल्ट्ये गल्ल्यावर, आणि पावापेक्षा माणसं जास्त. मी आत शिरलो तशी सगळी हवामानावर बोलायला लागली.

आल्ट्येच न राहवून म्हणाली, "काका, रागवू नका. पण आपली इम्के अशी कशी वागली? एवढी गुणाची पोर. लोक चीट म्हणतायत तिला."

तेव्हा मला ते दिसलं. रविवारपासून डोक्यात काहीतरी खर्रखर्र करत होतं, ते हेच. म्हटलं, "आल्ट्ये, तुझा धाकटा पहिल्यांदा कालव्यावर उभा राहिला तेव्हा तू त्याला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? आधाराला खुर्ची ढकलत चल म्हटलं."

"ते झालं. आणि मागून कुणी जोरात आलं तर?"

"वळायचं नाही. बघायचं नाही. आपल्या रेघेत सरळ राहायचं, मागचा बघून घेईल –" आणि ती थांबली. हातात पावाची पिशवी तशीच.

या गावात प्रत्येकाला तेच शिकवलेलं आहे. कालवा अरुंद. पुढचा दचकून बाजूला झाला की दोघंही कडेच्या लव्हाळ्यांत. म्हणून मागून पात्याचा आवाज आला की सरळ. इम्के चार वर्षांची असताना झाला तो शेवटचा बरा हिवाळा, आख्खं गाव तिच्यामागून ओरडत होतं, "सरळ, इम्के, सरळ!"

वोप्के कोपऱ्यात कॉफी पीत होता. म्हणाला, "म्हणजे ती चीट नाही. ती आपल्या गावची आहे."

"ते पडद्यावर दिसत नाही," आल्ट्ये म्हणाली. पावाचे पैसे घेईना. मी ठेवून आलो.

परतताना जवळजवळ पळत होतो. या वयात! केवढा आनंद झाला होता, जणू मीच काही जिंकलं.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आनंद टिकला नाही.

काल तिला सगळं सांगितलं. ती पाव कुरतडत ऐकत होती. मग म्हणाली, "पाके, मला माहितीये ते."

"माहितीये?"

"त्याच क्षणी कळलं. पात्याचा आवाज कानात आला आणि पाय सरळ गेले. डोकं म्हणत होतं थांब. आधी कान पोचले." हातातला पाव खाली ठेवून म्हणाली, "पंधरा वर्षं रोज सराव केलाय मी. नियम झोपेत म्हणून दाखवीन. आणि ऐन वेळेला मी कालव्यावरची चार वर्षांची पोर झाले. पुढच्या वेळी होणार नाही कशावरून? आवाज तर मागून येणारच."

गोड बोलून बघितलं, "लोक विसरतील."

"लोकांचं सोड. तिचं हाड मोडलं असतं पाके. तिनं काय म्हणून माझ्याबरोबर उतरायचं?"

सुन्निवाशी बोललीस का विचारलं. नाही म्हणाली. तिचे फोन येतात, ही उचलत नाही. "काय ऐकायचंय? शिव्या घालेल किंवा माफ करेल. दोन्ही नको."

आज दिवसभर ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून. एवढी लांब पोर माझ्या त्या आखूड पलंगावर, पाय बाहेर. सूप केलं, तळाला लागलं. वोप्के दारातूनच डोकावला, माझं तोंड बघून परत गेला.

उद्या बारा वाजता ती नाही म्हणणार. मी काय करू? मी म्हातारा, चार कविता पाठ असलेला. इतकी वर्षं मला वाटत आलं की दुःखाला एखादी ओळ सापडली की ते निम्मं होतं. काल रात्रीपासून शोधतोय. एकही बसत नाही. सगळ्या कविता बर्फ बघणाऱ्यांनी लिहिल्यात, पडणाऱ्यांनी नाही.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

सकाळीच घंटा वाजली. कॅमेरेवाल्यांना पत्ता लागला असं वाटून साखळी न काढता दार उघडलं. बाहेर एक उंच मुलगी, मनगटाला पट्टी, सायकल कुंपणाला टेकवलेली. सुन्निवा.

हेरेनफेनला सरावाला राहून ती आमची भाषा शिकलीय, पण स्त्रीलिंग-पुल्लिंग मनाला येईल तसं. म्हणाली, "तुमचा नात इथे आहे ना? त्याच्या बाबांनी सांगितला. त्याला सांगा, मी माफ करायला नाही आला. भांडायला आला."

साखळीच्या फटीतून ती पुढे बोलतच होती.

"माझ्या घरी, पेपरात, सगळे म्हणतात, इम्के बाद झाला म्हणून सुन्निवा जिंकला. आता तो सोडणार, तर हे मी म्हातारी होईपर्यंत म्हणणार. मला चालत नाही. त्यानं उतरायचं. मी त्याला हरवणार. नीट."

मी साखळी काढायला हात घातला. तेवढ्यात मागे जिना धडधडला, आणि आठवडाभर ऐकला नव्हता असा चढा आवाज माझ्या खांद्यावरून दाराबाहेर गेला –

"नीट म्हणजे? पुढे मी होते!"