आज नवा चष्मा घेऊ नका

ता. ६ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

फोनवर तुझ्यामागे सतत कुणीतरी टाळ्या वाजवत असतं, म्हणून पत्रच लिहिते. शिवाय पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा फायदा वेगळाच.

समोरच्या फुटपाथवर चष्म्यांचं नवं दुकान आलंय. काचेचा दरवाजा आपोआप उघडतो, आत गारेगार, भिंतभर फ्रेमा आणि दारात एक पोरगी येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत उभी. आपल्या दुकानात हसायला मी एकटी, आणि माझं हसणं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. बाबा गेल्यावर जुन्या गिऱ्हाइकांच्या जिवावर निभावलं. आता तीही समोर डोकावून येतात आणि माझी नजर चुकवतात. असंच चाललं तर वर्षअखेरीस बाबांच्या दुकानाला टाळं लावावं लागेल, हे तुला स्पष्टच सांगते.

तू म्हणे छोट्या दुकानदारांना धंदा वाढवायला शिकवतोस. मग घरच्या दुकानदाराला शिकव की! फक्त भोंगा लावून ओरडायला सांगू नकोस, आणि एकावर एक मोफतही नको. बाबांच्या खुर्चीत बसून माझ्याच्याने ते व्हायचं नाही.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई


ता. १५ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ओरडायला कोण सांगतंय? मी शिकवतो त्याला मी सौम्य विक्री म्हणतो. हसू नकोस. गिऱ्हाइकाच्या मागे लागायचं नाही, त्याला घाबरवायचं नाही, आजच घ्या नाहीतर संपेल अशी घाई करायची नाही. जे खरं आहे ते हळू आवाजात, पण नेमाने सांगत राहायचं. आपण दमून जाऊ इतकंही करायचं नाही. झेपेल तेवढंच, पण वर्षानुवर्षं.

तू जुन्या गिऱ्हाइकांना हाताने लिहिलेली चार ओळींची कार्डं पाठव. त्यात विकायचं काहीच नाही. काच कशाने पुसावी, काडी सैल झाली तर या, फुकट आवळून देईन, बस्स. आणि पाटी पुन्हा रंगवून घे, उन्हाने तिची पार रया गेली आहे.

आणखी एक. बाबा गिऱ्हाइकाला नवा चष्मा नाकारायचे, ते सगळं मला सविस्तर लिही. मी लहान होतो, मला फक्त त्यांचं ते वाक्य आठवतं. असला नकार पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत सापडायचा नाही!

माझी माया आहेच, तुझीही राहू दे.

तुझा धाकटा


ता. २० मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

हे लिहिणं जिवावर आलंय, पण तुझी कार्डं लागू पडली. परवा बेकरीवाल्या बाई पर्समध्ये कार्ड जपून घेऊन आल्या. काडी आवळून झाली तरी तासभर गप्पा मारत बसल्या, आणि जाताना सुनेच्या चष्म्याचं सांगून गेल्या. अशी बरीच मंडळी परत फिरली. दुकान तगेल असं आता वाटतंय.

पाटी पेंटरकाकांनीच रंगवली. त्यांना सोडून बाबांच्या पाटीला ब्रश कोण लावणार? तुला अक्षरं गिरवायला शिकवली ती याच माणसाने, विसरला नसशील. या वयातही शिडीवर चढले. मी खालून काळजी करत होते, तर शिडी धर आणि तोंड बंद ठेव म्हणाले. अक्षराची एक रेघ हलली नाही.

आता बाबांच्या नकाराचं. नवा चष्मा मागणाऱ्याला ते आधी खुर्चीत बसवायचे. त्याचा जुना चष्मा साबणाच्या पाण्याने धुवायचे, स्क्रू आवळायचे. मग त्याचा एक डोळा झाकायचे आणि आपलं बोट चारी कडांनी आत आणत, दिसलं की सांगा म्हणायचे. मग दुसरा डोळा. चमकल्यासारखं होतं का, कडेने पडदा आल्यासारखं वाटतं का, हे विचारायचे. त्यात काही निघालं तर गिऱ्हाइकाला थेट डोळ्यांच्या इस्पितळात धाडायचे, कधीकधी हाताला धरून स्वतः न्यायचे. काहीच निघालं नाही, नंबरही तोच असला, तरच तो धुतलेला चष्मा त्याच्या नाकावर ठेवून म्हणायचे की आज नवा चष्मा घेऊ नका, डोळ्यांची याच्याशी अजून छान मैत्री आहे. मीही तसंच करते. फक्त माझ्या तोंडी ते वाक्य जरा खडूस वाटतं.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई


ता. २ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

बाबांचा नकार माझ्या वर्गात तुफान चालला! केकवाला, सायकलवाला, पडदे शिवणाऱ्या बाई, सगळे तो वापरू लागले. पहिल्या भेटीत गिऱ्हाइकाची जुनी वस्तू पुसून, नीट करून परत द्यायची आणि आज नवीन घेऊ नका म्हणायचं. माणूस विरघळतो. पुढच्या वेळी तो दुसरीकडे जातच नाही. बोटाचा आणि डोळे झाकण्याचा भाग मी गाळला. केकवाल्याला त्याचं काय करायचं, आणि ऐकणारेही कंटाळतात.

तुझ्या पत्रांच्या शेवटचं लोभाचं वाक्यही सगळ्यांना आवडलं. आता ते गिऱ्हाइकांच्या कार्डांवर तेच छापतात. रागावू नकोस, कौतुकच आहे ते.

सप्टेंबरात इथे मोठं संमेलन भरतंय. तू यायचंच. मंचावर माझ्या शेजारी बसायचं आणि बाबांची गोष्ट तुझ्या तोंडून सांगायची. कुणी आजारी असल्याशिवाय तू दुकान बंद ठेवत नाहीस, हे मला माहीत आहे. एकदा भावाच्या कौतुकासाठी ठेव.

माया आहेच, ती घेऊन ये.

तुझा धाकटा


ता. १९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

संमेलनाचे फोटो मिळाले. मी मंचावर हार घालून बसले आहे आणि तू माझ्याकडे बोट दाखवून हसतो आहेस. ते फोटो मी फाडले. का ते सांगते.

त्या दिवशी इकडे पेंटरकाका आपल्या दुकानाशी आले होते. सकाळपासून त्यांच्या डाव्या डोळ्यात विजा चमकत होत्या. दाराला कुलूप. म्हणून रस्ता ओलांडून समोर गेले. तिथल्या पोरीने त्यांना खुर्चीत बसवलं, चष्मा साबणाच्या पाण्याने धुतला, स्क्रू आवळले, नाकावर ठेवला आणि म्हणाली की आज नवा चष्मा घेऊ नका, डोळ्यांची याच्याशी अजून छान मैत्री आहे.

काका निर्धास्त होऊन घरी गेले. बाबांच्या तोंडून ते वाक्य आलं म्हणजे डोळे ठीक आहेत, एवढंच त्यांना आयुष्यभर माहीत. डोळ्यापुढे पडदा सरकत गेला तरी त्यांनी हा वयाचा दोष मानला. मी परतल्यानंतर आठवड्याने ते मला पाटीवरचा डाग दाखवायला आले, तेव्हा मान वळवल्याशिवाय डावीकडचा तो डाग त्यांनाच दिसेना. मी उजवा डोळा झाकून बोट पुढे केलं. डोळ्यासमोर आणलं तरी त्यांना ते दिसलं नाही.

तशीच रिक्षात घालून इस्पितळात नेलं. आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली. विजा चमकल्या त्याच दिवशी आणलं असतं तर डोळा वाचला असता, असं डॉक्टरांनी सांगितलं. काल पट्टी काढली. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं.

काकांचा कुणावरच राग नाही. उलट मलाच म्हणाले की ती पोरगी गुणी आहे, अगदी तुझ्या बाबांसारखी बोलली. मी तिच्याकडे गेले तर रडायलाच लागली. बोटाचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

बाबांचं वाक्य त्या दुकानात कसं पोचलं, ते मला कळलंच पाहिजे.

ताई


ता. ३० ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काकांचं फार वाईट झालं. खरंच.

समोरच्या दुकानाचा मालक माझ्या वर्गात होता. मला ते माहीत होतं. मी शिकवतो म्हटल्यावर कुणाकुणाला दार बंद करू? त्याच्या पद्धतीत खोटं काही नव्हतं, तपासणी त्याने करायला हवी होती. मी वैद्यकी शिकवत नाही गं, मी फक्त गिऱ्हाइकाशी प्रेमाने कसं बोलायचं ते शिकवतो. तू सगळं माझ्या माथी मारते आहेस असं वाटतं.

पण यातून काही चांगलंही निघू शकेल. नकाराची जबाबदारी असा नवा धडा करावा असं मनात आहे. काकांची गोष्ट, अर्थात कुणाची ओळख न देता. ऐकणारे हलून जातील. तुझी आणि काकांची परवानगी असेल तर कळव.

माया कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. ८ नोव्हेंबर

धाकट्या,

परवानगी नाही. माझी नाही, आणि काकांना मी विचारणारही नाही, कारण ते हो म्हणतील. तुझं नाव काढलं की अजून त्यांचा चेहरा फुलतो.

बाबांना ते वाक्य बोलायला क्षणभर लागायचा. त्याआधी दुकानात गर्दी असो नसो, ते डोळ्यांपाशी बसून राहायचे. तू ते बसणं टाकून दिलंस आणि वाक्य तेवढं वाटत सुटलास. मी तुला सगळं लिहून दिलं होतं, मधला कंटाळवाणा भाग तू तुझ्या हाताने काढलास. वैद्यकी शिकवत नाहीस हे बरंच आहे.

काल काका पाटीवरचा डाग पुसायला आले. शिडी लावून दे म्हणाले. मी नाही म्हटलं तर रुसले, म्हणून जमिनीवरून हात पोचेल अशी खालची ओळ रंगवायला दिली. अक्षरं उतरत गेली आहेत. त्यांना ती सरळ दिसतात, म्हणून मी छान झाली म्हटलं आणि आत येऊन रडले. ती ओळ मी बदलणार नाही. लोक हसतात, हसू देत.

दुकान चालतंय, तुझी कार्डं अजून उपयोगी पडतात, ते नाकारत नाही. पण गेल्या आठवड्यात एका बाईंना चारी कडांनी तपासून, मनापासून म्हटलं की आज नवा चष्मा घेऊ नका, तर त्या गालात हसल्या. समोरही असंच बोलतात म्हणे. तेव्हापासून बाबांचं वाक्य मी तोंडातून काढत नाही. नंबर तोच आहे, या, एवढंच सांगते.

पत्राच्या शेवटी मी लोभाचं एक वाक्य लिहायचे. ते आता समोरच्या दुकानाच्या कार्डावरही छापलेलं असतं. तुला हवं असेल तर तिथून घे.

ताई