गियोक, निउन, दिगुत, रिउल

३ ऑगस्ट, सकाळ
आजपासून कोरियन. पुण्यातल्या कोरियन कंपनीत सुपरवायझरची जागा निघालीय, भाषा येणाऱ्याला प्राधान्य. अर्जात 'येते' लिहून टाकलं. घरी आमची बंजाऱ्यांची गोरबोली, दारव्ह्याच्या बाजारात वऱ्हाडी, ट्रकवाल्यांशी हिंदी. तीन येणाऱ्याला चौथी काय जड? तांड्यातल्या तीजेच्या सणापर्यंत फाडफाड.

५ ऑगस्ट
गियोक, निउन, दिगुत, रिउल. ही पहिली चार अक्षरं. गियोक म्हणजे क आणि ग यांच्या मधलं काहीतरी. रिउल र-ल यांच्या मधलं. तोंडासमोर कागद धरायचा. काही व्यंजनांना तो श्वासानं हलला पाहिजे, काहींना अजिबात नाही. माझा सगळ्यांनाच हलतो. पंखा चालू होता.

६ ऑगस्ट
पंखा बंद केला. तरी हलतो. कागदाची क्वालिटी.
बायको राखी म्हणते, चार अक्षरांतच काहून अडकून राह्यले तुम्ही? पाया पक्का करतोय, हे तिला कळत नाही.

११ ऑगस्ट
सोयाबीनवर फवारणी. अभ्यास नाही. माझे वडील, बापू, यांनी विचारलं, किती झालं? झालंच, म्हणालो. होणारच आहे म्हणा.

१३ ऑगस्ट
फाट्यावर माझा फ्लेक्स! 'कोरियन भाषेत प्रावीण्य मिळवल्याबद्दल सुनीलभाऊंचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त तांडा.' बापूंच्या सांगण्यावरून तांड्याचे नायक देवसिंगकाका यांनी लावला. काढायलाच सांगणार होतो. पण फोटो छान आलाय.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ
तीजेच्या गव्हांकुरांच्या विसर्जनानंतर नायकाच्या अंगणात सत्कार. शाल, श्रीफळ, आणि हातात माईक. काका म्हणाले, दोन शब्द कोरियनमध्ये होऊन जाऊ दे. हात जोडून तीच चार अक्षरं म्हटली. आधी हळू, मग जोरात, मग डोळे मिटून. टाळ्या!
बापूंनी अर्थ विचारला. 'मी तुम्हा सर्वांचा ऋणी आहे,' असं सांगितलं. त्यांनी डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या पाचवं अक्षर, काहीही होवो.

२२ ऑगस्ट
पाऊस, लाइट नाही, पाचवं राहिलं.
बापूंनी माझं भाषण पाठ केलंय. जीपमध्ये, कृषी केंद्रात, दिसेल त्याला हात जोडून ऐकवतात. लोक कौतुकानं माझ्याकडे पाहतात आणि मी चपलेकडे. बापूंना सगळं सांगून टाकणार. फक्त नोकरीची मुलाखत होऊ दे.

२९ ऑगस्ट, दुपार
मोबाइलवर व्हिडिओ मुलाखत. बापू फेटा बांधून शेजारी बसले. कोरियन मॅडम दिसल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत बापूंनी हात जोडले : गियोक, निउन, दिगुत, रिउल.
मॅडम थबकल्या. मग बालवाडीच्या बाईंसारख्या गोड हसल्या आणि पुढची म्हटली : मिउम, बिउप, शिओत. मग माझ्याकडे बघत थांबल्या. पुढची मी म्हणायची होती.
बापू म्हणाले, बाई काय म्हणून राह्यली, सांग ना.
नेटवर्क गेलं म्हणालो आणि फोन कट केला.
बापूंनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, नेटवर्क नव्हतं गेलं, बाई तर वाट पाहून राह्यली होती. असं तोंडावर फोन ठेवणं बरं नाही. परत लाव, मी माफी मागतो. कोरियनमध्ये माफीले काय म्हणते?
मी म्हणालो, बापू, मले नाही येत.