गळ्यातलं झबलं

२८ मार्च

एकदाचे अल्माटीत आलो. नववा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट बर्फाचे डोंगर. येरदेनने सामान लावून दिलं आणि लगेच पश्चिमेला तेलविहिरींवर महिनाभराच्या पाळीसाठी निघाला. जाता जाता म्हणाला, "आता तू शहरातली बाई झालीस नाझिम, जरा हळू बोलायला शीक." मी म्हटलं, तू चाललास, आता मोठ्याने बोलू तरी कुणाशी?

मिरास अजून तीन आठवड्यांचाही नाही, पण रडतो असा की खालच्या मजल्यावर कळावं. उशकिर लिफ्टमध्ये पहिल्यांदा चढला तेव्हा भीतीने डोळे मिटून माझ्या पायाला चिकटून बसला. वडिलांचा हा शिकारी ताझी कुत्रा. गावी सशामागे सुटला की धूळच दिसायची. मागच्या थंडीत वडील गेले, त्याआधी त्यांनी त्याची दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, हा माणसाच्या सात ठेव्यांपैकी एक आहे, परक्याच्या दारात बांधू नकोस. मिरास रडला की उशकिर पाळण्याशी जाऊन बसतो. मला हे घर आवडलं.

३ एप्रिल

सासूबाईंचा तुर्किस्तानहून फोन. मिरासच्या चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला येणार. त्याचं पहिलं झबलं धुऊन जपून ठेव म्हणाल्या, ते कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं असतं. मग आवाज बदलून, "आणि तुझ्या बापाचं ते कुत्रं दिलंस ना कुणाला? घरात कुत्रं असलं की फरिश्ते उंबऱ्यावरून परत जातात. माझ्या बहिणी येणार आहेत, माझं नाक कापू नकोस."

मी म्हटलं, दिलं अपा, भावाला दिलं. किती सहज म्हटलं. उशकिर तेव्हा माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला होता.

८ एप्रिल

कुत्रं ठेवायला जागा शोधणं म्हणजे मुलीला स्थळ शोधण्यासारखंच. शेजारच्या ल्युदाने तिच्या ओळखीच्या दोन जागा सांगितल्या. पहिल्या ठिकाणी लोखंडी पिंजरे आणि फिनेलचा वास. उशकिरने पायरीच चढायला नकार दिला. दुसरी जागा सुरेख होती. तिथली मुलगी म्हणाली, आधी दोन दिवस सोबत या, लसीचे कागद आणा, घरच्या आणखी कुणाचा नंबर द्या, आम्ही फोन करून खात्री करतो. शहाणी माणसं होती. पण घरच्या कुणाचा नंबर देणार? मी विचार करून सांगते म्हटलं आणि पळाले.

मग जाहिरातीतून कुलपाश सापडली. डोंगराच्या पायथ्याशी सफरचंदांच्या जुन्या बागांमध्ये तिचं घर आहे. साठीची, गोरीपान, गालावर खळी. नाव विचारलं नाही, कागद विचारले नाहीत. रोज व्हिडिओ पाठवते म्हणाली. अंगणात आठ-दहा कुत्री होती, एकही भुंकलं नाही. मला वाटलं, काय शिस्त आहे. दोरीवर तान्ह्या मुलांची पुष्कळ झबली वाळत होती. नातवंडं का, असं मी विचारलं, तर ती नुसती हसली.

१४ एप्रिल

सोडून आले. मागे वळून बघितलं नाही. तोही भुंकला नाही.

घर तीनदा पुसलं. त्याचं पांघरूण, भांडं, सगळं ल्युदाकडे लपवलं. ती म्हणाली, "अगं, कुत्रंच आहे ना? तू तर यार लपवल्यासारखी करतेस." हसू आलं नाही.

१६ एप्रिल

अपा आल्या. चटईखाली बघितलं, पडद्यांचा वास घेतला आणि खूश झाल्या. फोनवर बहिणीला सांगत होत्या, सून गावंढळ आहे, पण घर पाक आहे. मी दुधाचा चहा ओतत होते, कानापर्यंत लाल झाले.

१९ एप्रिल

चाळिसावा झाला. अपांच्या चारही बहिणी आल्या. चांदीच्या अंगठ्या टाकलेल्या पाण्याने मिरासला चमच्या-चमच्याने न्हाऊ घातलं. तो एवढा रडला की मोठी मावशी म्हणाली, हा गवई होणार.

मग झबलं. गावी हे सोपं असतं. झबल्यात खाऊ बांधून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवायचं, कुत्रं सोडायचं, पोरं मागे धावतात, पकडतात, झबलं सोडवतात आणि खाऊ वाटून खातात. बाळाची इडापीडा जाते. नवव्या मजल्यावर कुत्रं कुठून आणायचं? पण धाकट्या मावशीने सोय केली होती. म्हणाली, सगळं शहर हल्ली एका बाईकडूनच मागवतं.

दार उघडलं तर कुलपाश. हातात दोरी. दोरीला उशकिर.

उंबऱ्याशीच तो माझ्याकडे धावला आणि त्याने माझ्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. अपा म्हणाल्या, "अगबाई, ओळख असल्यासारखं करतोय की. कुणाचं गं हे?"

कुलपाश माझ्याकडे बघत थांबली. मला बोलायला तिने वेळ दिला, हे मला आता कळतंय.

मी म्हटलं, हाताला मटणाचा वास येत असेल. कुणाचं कोण जाणे.

गाठ आईने मारायची असते. मी मारली. त्याने मान पुढे केली, पट्टा बांधताना करायचा तशीच. मागे धावायला पोरं नव्हती. कुलपाश त्याला झबल्यासकट लिफ्टने घेऊन गेली. कुणीतरी सोडवेलच, असं अपा म्हणाल्या आणि आम्ही जेवायला बसलो.

२१ एप्रिल

मिरास परवापासून रडलेला नाही. पीडा गेली, अपा सगळ्यांना फोन करून सांगतायत.

व्हिडिओत उशकिरच्या गळ्यात झबलं तसंच आहे.

२२ एप्रिल

मिरास रडतो. तोंड उघडतो, लाल होतो, डोळ्यांतून पाणी येतं, आवाज येत नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे.

दुपारी मोरीत जाऊन आवाज मोठा करून व्हिडिओ लावला. उशकिर कुंपणाशी उभा होता आणि रडत होता. मिरास रडायचा तसा. मला भास वाटला असता, पण ऐकताच माझं दूध ओघळलं, सगळा अंगरखा भिजला. शरीर फसत नाही.

कुलपाशला फोन केला, पाया पडते, सोडव ते. ती शांतपणे म्हणाली, "मला नाही सोडवता येत, बाई. गावी पोरं 'अमक्याचं कुत्रं, अमक्याचं कुत्रं' असं ओरडत धावतात ना, ते उगाच नव्हे. ज्याचं कुत्रं त्याने चारचौघांत नाव घेऊन हाक मारायची, मग गाठ सुटते. माझ्याकडे सगळ्या तुमच्यासारख्याच येतात. घरच्यांपासून लपवून. कबूल कुणीच होत नाही." दोरीवरची झबली कुणाची, असं विचारलं. ज्यांच्या गळ्यात होती ती कुत्री मेली, म्हणाली. आणि मुलं? मुलं आहेत की, फार शांत आहेत. उशीर नका करू.

२३ एप्रिल

आज सांगणार होते. अपांसमोर तीनदा जाऊन बसले. त्या बहिणीला सांगत होत्या, फरिश्ते असलेलं घर लगेच ओळखू येतं. मी उठून चहासोबतचे पिठाचे बावरसाक तळले.

पोटच्या पोराचा आवाज गेला आणि मी चार बायकांना काय वाटेल याचा विचार करतेय. माझी मलाच किळस येते.

२४ एप्रिल

कुलपाशचा निरोप: उशकिर कुंपण तोडून गेला.

मिरास अंगाची मुटकुळी करून झोपतो. नाक टाचांत खुपसून. अपा म्हणतात, गोड दिसतो.

लिफ्ट थांबली की मान वळवतो. प्रत्येक वेळी. दार उघडायच्या आधी —

२५ एप्रिल, सकाळ

माझा हात हुंगला. मग चाटला.

उद्या सांगेन. नाही, आज. मावश्या जेवायला येणार आहेत, त्या गेल्या की —

दुपार

बाहेर मूल रडतंय. आमच्या दाराशी. मावश्या विचारतात, कुणाचं बाळ ते? ल्युदाचं दार उघडल्याचा आवाज आला. ती उशकिरला ओळखते. ती बोलेल, त्याच्या आत मी —

मिरासच्या अंगावरचे पाळण्याचे पट्टे घट्ट बांधले. का बांधले, माहीत नाही.

दार उघडलं. तोच. पंजे रक्ताळलेले, गळ्यात झबलं, तोंड उघडं आणि त्यातून माझा मिरास —

मागून अपा: कुणाचं आहे हे?

माझं म्हटलं. सगळ्यांसमोर. माझ्या वडिलांचं, माझं. मोठ्याने हाक मारली, उशकिर, ये.

तो आला नाही. उंबऱ्याबाहेर बसला आणि माझ्याकडे बघत रडत राहिला, तान्हं मूल आईकडे बघतं तसा. गाठ सुटत नाही. नखं तुटली, सुटत नाही. पुन्हा हाक मारली.

मावश्या किंचाळतायत. माझ्याकडे बघून नाही. माझ्या मागे.

पट्टे तटातट —

मी उशकिरचं नाव घेतलं आणि पाळण्यातून तो, माझा मिरास, चार पायांवर धावत