चौदा नंबरचा हात

तीर्थरूप आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, हे आधी विचारते. उत्तरात 'बरा आहे' एवढंच लिहिलंस तर मी ते खरं धरणार नाही. मी बरी आहे. (हेही पुढे दुरुस्त करावं लागेल.)

मागच्या पत्रात एक चूक झाली. आमच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या बत्तीस जणांत चटक्याला सगळ्यात चपळ प्रतिसाद माझा, असं मी लिहिलं होतं. तू ते शेजारच्या काकूंना वाचूनही दाखवलंस म्हणे. त्यांना कृपा करून सांग, की तो प्रतिसाद चपळ नव्हता, वेळेआधीचा होता.

झालं असं. एक माणूस आयत्या वेळी आला नाही, म्हणून खुर्चीत मी बसले. डोक्यावर तारांची टोपी, केसांत थंड चिकट मलम, डावा हात टॉवेलवर. त्या हातावर लेसरचा बारीकसा चटका बसतो. बसला की उजव्या हाताने बटण दाबायचं आणि किती दुखलं ते शून्य ते शंभरात सांगायचं. तेव्हा मेंदूत उठणाऱ्या लहरींची नोंद होते. बाईंना (आमच्या प्रमुख; रागावल्या की पेनाचं टोपण चावतात) हे शोधायचंय, की दुखणं जाणवताना कोणत्या लहरी उठतात, हात हलवताना कोणत्या, आणि त्यांचं एकमेकींशी नातं काय. मला वाटायचं, आधी दुखतं, मग हात हलतो, त्यात शोधायचंय काय?

पण लेसरची झडप उघडताना 'टक' वाजते. ते ऐकू येऊ नये म्हणून कानांवर खरखर ऐकवणारे हेडफोन असतात. मी एका कानावरचा जरासा सरकवला होता. बाईंनी हाक मारली आणि मी ओ दिली नाही, तर त्यांना काय वाटेल? (हे वळण तुझंच.) वर 'सगळे नियम पाळले' या कागदावर सहीही केली.

गेल्या आठवड्यात नोंदींतून एकेक खेप (एक 'टक', एक चटका, एक बटण) वेगळी काढायचं काम माझ्याकडे आलं. नोंदींवर नावं नसतात, नंबर असतात; पण चौदा नंबरपुढे 'मध्ये सात शिंका' असं होतं, म्हणजे मीच. आणि चौदा नंबर बटण दाबतो ते चटक्याची खबर हातापासून मेंदूपर्यंत पोचायच्या आत. तारा लावणारे दादा मागून बघत म्हणाले, "अगं, हा हात आहे की बातमीदार? घटना घडायच्या आधीच छापून मोकळा!" मी हसले. मग रिकाम्या खेपा पाहिल्या आणि हसू गेलं. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. झडप वाजते, चटका बसत नाही. अशा अकरा खेपा. अकराही वेळा मी बटण दाबलंय आणि दुखण्याला चाळीस गुण दिलेत. एकदा पंचेचाळीस.

आत्या, मी खोटं बोलले नाही गं. मला दुखलं होतं. लहरीही तशाच उठल्यात. म्हणजे डोक्यात कुणीतरी दुखण्याची वाट बघतच बसलेलं होतं.

तेव्हा तुझं चष्म्याचं घर आठवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तू माझे पाढे घ्यायचीस. चुकले की चष्मा काढून ठेवायचीस, घर 'टक' करून मिटायचं, मग तू पट्टी उचलायचीस. माझा हात 'टक'लाच पाठीमागे गेलेला असायचा. मी शाळेत जायच्या आधीच त्याचं शिक्षण पुरं झालं होतं.

आता पंचाईत अशी, की बाईंच्या लेखात पहिलीच आकृती चौदा नंबरची आहे. "इतकं स्वच्छ उदाहरण दोन वर्षांत मिळालं नव्हतं," म्हणतात. लेख शुक्रवारी छापायला जातो. पुढच्या महिन्यात माझी नेमणूक वाढवायची की नाही, तेही बाईच ठरवणार. हेडफोनचं सांगायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. कडी 'टक' वाजली की हात मागे येतो आणि दुखायलाही लागतो. त्या अजून रागावलेल्याही नसतात.

तुझी,
भाची

ता. क. खरं विचारायचं ते राहिलंच. तू पट्टी उचललेली मला आठवते, लागलेली एकदाही आठवत नाही. तू मला कधी मारलं होतंस का? नसेल तर तसं लिही, बाईंच्या दाराशी उपयोगी पडेल. असेल तरी लिही. (रागवणार नाही. नोंद बरोबर हवी.)

ता. क. दुसरा. टपालाचे दिवस मोजले. तुझं उत्तर वेळेत पोचणार नाही. तेव्हा ते हो असो वा नाही, मी या गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी दहा वाजता बाईंच्या दाराची कडी पूर्ण उघडणार आहे.