अठरा शिपाई आणि एक उचकी

असद महिना, तारीख १२, मंगळवार
आजपासून रोजनिशी. पुढे मी मोठा माणूस झालो की लोक विचारतील, सुरुवात कशी झाली. तेव्हा शोधाशोध नको.

अमेरिकन लोक टेकडीवरचा तळ सोडून गेले त्याला महिना झाला. त्यांचं चालायचं मशीन न्हाव्याने उचललं. गिऱ्हाईक आता नंबर येईपर्यंत त्यावर चालतं. गावात घबराट आहे. मला नाही. हाकिमसाहेब, म्हणजे आमच्या तालुक्याचं अख्खं सरकार, म्हणतात की पुलावरच्या चौकीत तीस शिपाई आहेत, काय बिशाद आहे तालिबांची.

तीसपैकी बारा खरे आहेत. उरलेले अठरा मी.

रोज सकाळी आठला प्रांताच्या मुख्य गावाहून कर्नलसाहेब वायरलेसवर हजेरी घेतात. ते नाव पुकारतात, शिपायाने हाजिर म्हणायचं. अठरा जण फक्त कागदावर आहेत. त्यांचा पगार हाकिमसाहेब सांभाळतात, आवाज मी, कचेरीचा ऑपरेटर, सांभाळतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून अख्ख्या शाळेला सुट्टी दिली, म्हणून मला काढलं होतं. तीच विद्या आज देशाच्या कामी येतेय.

अकरा नंबरचा गुल आगा माझा लाडका. त्याला मी उचकी दिलीय. हाजिर—हिक—साहेब.

माझं स्वतःचं नाव यादीत नाही. हाकिमसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात नक्की.

असद १४, गुरुवार
शेजारचा तालुका पडला. एकच गोळी सुटली, तीही चुकून. गावचे पांढऱ्या दाढीवाले वडीलधारे चौकीत गेले, चहा प्याले, शिपायांना म्हणाले, पोरांनो, घरी जा, आया वाट बघतायत. शिपायांनी बंदुका ठेवल्या. तालिबांनी प्रत्येकाला नावानिशी चिठ्ठी दिली, खाली शिक्का, की याला कोणी हात लावू नये. शरम वाटली पाहिजे. आमच्याकडे असलं चालणार नाही.

पुलावरच्या चौकीचा मुख्य माझा मोठा भाऊ, लाला तोर्यालय. दुपारी त्याचा फोन. पीठ संपलंय, गोळ्यांची एकच पेटी उरलीय, वरून वीस माणसं मागव. मी लगेच वर कळवलं. कर्नलसाहेब भडकले. म्हणाले, तीस जण आहेत तुमच्याकडे, आज सकाळी मी स्वतःच्या कानाने ऐकलेत. उलट त्यातले दहा इकडे पाठवा.

स्वतःच्या कानाने! कामाची एवढी पावती आजवर मिळाली नव्हती. लालाला सांगितलं. त्याने फोन आपटला. भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना.

असद १६, शनिवार
हाकिमसाहेब दाताच्या डॉक्टरकडे गेले. सोबत बायको, चार गालिचे आणि फ्रीज. दात बराच खराब असावा. किल्ल्या माझ्याकडे. म्हणाले, फोन आला तर सांग, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी त्याहून चांगली आयडिया काढली. फोन आला तर मीच साहेब.

दुपारी लालाचा आला. साहेब, पोरं उपाशी आहेत, चौकी सोडू का? मी साहेबांसारखा घसा खाकरला आणि म्हटलं, तोर्यालय, बेटा, एक पाऊल मागे नाही, विमानं निघालीत. लाला म्हणाला, बरं साहेब. तुमच्याकडे एक गाढव ऑपरेटर आहे ना, त्याला म्हणावं आजच्या आज घरी जाऊन आईला भेट. मी म्हटलं, सांगतो.

ओळखलं नाही. शंभर टक्के.

घरी गेलो नाही. गेलो की आई सुरू होणार, तोर्यालयला आण, तोर्यालयला आण. शिवाय साहेबांचा पलंग स्प्रिंगचा आहे. ठरलं : सोमवारपर्यंत विमानं आली नाहीत तर मी स्वतः जाऊन लालाला घेऊन येणार.

असद १९, मंगळवार
विमानं आली नाहीत. सायकल पंक्चर.

पुलावरून रोज दोनदा वायरलेस येतो, सगळं ठीक. लालाला सर्दी झालीय, आवाज पार बसलाय. मी म्हटलं, मिठाच्या गुळण्या कर. म्हणाला, अल्ला तुझं भलं करो. लाला मला असं कधी बोलला नव्हता. लढाईत माणूस सुधारतो.

स्वयंपाकी बाबा नेक आज आला नाही. पातेलीही आली नाहीत. कर्नलसाहेबांनी हजेरी घेतली नाही. मीच नावं पुकारली आणि मीच अठरा जणांचं हाजिर म्हटलं. शिस्त मोडता कामा नये. एकही गैरहजर नव्हता.

असद २१, गुरुवार
प्रांताचं गाव पडलं. रेडिओवर सांगितलं.

दहा मिनिटांत साहेबांच्या फोनवर मुल्ला रोजी, तालिबांचा कमांडर. फार अदबीने बोलला. हाकिमसाहेब, उद्या येऊ का चहाला? मी साहेबांच्या आवाजात ठणकावलं, मध्ये पूल आहे, पुलावर तोर्यालय आहे. तो हसायला लागला. थांबेचना. म्हणाला, पुलाचं आम्ही बघतो, तुम्ही साखर बघा.

पंक्चर सायकल तशीच पुलाकडे हाणली.

चौकीत लाला नव्हता. बारा जणांतलं कोणीच नव्हतं. लालाच्या खुर्चीत माझ्याच वयाचा एक तालिब बसला होता, गळ्याला फडकं, हातात वायरलेस. मला बघून म्हणाला, गुळण्यांनी बरं वाटलं हो.

लालाला मी थांबवलं होतं. मी. साहेबांच्या आवाजात.

पुढचं नीट आठवत नाही. सायकल तिथेच राहिली. आईला काय सांगायचं ते चालत चालत पाठ करत होतो. कुठला आवाज काढावा सुचेना. दार उघडलं. लाला भेंडीची भाजी खात बसला होता.

शनिवारपासून घरीच आहे. म्हणाला, हाकिमाने मला जन्मात बेटा म्हटलं नाही, तेव्हाच कळलं तो पळाला आणि खुर्चीत कोण बसलंय. त्याच संध्याकाळी पांढऱ्या दाढीवाले आले, बाराही जणांना चिठ्ठ्या मिळाल्या. मी ओरडलो, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, घरी ये असा निरोप दिला होता गाढवा, तुझ्याच हातात. आणि फोनवर सांगितलं असतं तर तू तेही वायरलेसवर ओरडून सांगितलं असतंस.

आईने आधी मिठी मारली. मग चप्पल.

असद २४, रविवार
मुल्ला रोजीने कचेरीच्या अंगणात सरकारी यादी वाचली. शिपायाने पुढे यायचं, चिठ्ठी घ्यायची. बारा जणांना मिळाल्याच होत्या. माझे अठरा उरले होते. मला वाटलं कोणी येणार नाही. सगळे आले. न्हावी आला, साहेबांचा भाचा आला, बाबा नेक टोपी बदलून दोनदा आला. सतरा चिठ्ठ्या संपल्या. माझं नाव कुठे नव्हतंच.

मग मुद्दाम शेवटी ठेवलेलं नाव पुकारलं, गुल आगा! मुल्ला रोजी खूश होता. म्हणाला, वर्षभर आम्ही तुमची हजेरी ऐकतोय, तो उचकीवाला कुठाय? दोघांनी प्रयत्न केला. एकाची ढेकर वाटली. लालाने मागून ढकललं आणि कानात म्हणाला, जा, तूच जन्माला घातलायस.

हाजिर—हिक—साहेब.

मिळाली. त्यावर लिहिलंय की गुल आगा, वय बावन्न, याला कोणी हात लावू नये. मी बावीसचा आहे. मुल्ला रोजीने मला पाणी पाजलं.

संध्याकाळी रेडिओने सांगितलं, काबूलही गेलं. निदान आमचा तालुका काबूलच्या फार आधी पडला नाही, असं मी म्हणालो. आईने रेडिओ बंद केला. समोरच्या चहाच्या दुकानात मुल्ला रोजीची माणसं बसतात, म्हणून दर पाच मिनिटांनी खिडकीजवळ जाऊन उचकी देतोय. छाती दुखतेय.

लालाला विचारलं, हे किती दिवस करायचं? म्हणाला, हे सरकार असेपर्यंत.

म्हणजे फार तर महिना.